मोठी कंपनी बुडाली, तर कुपवाडच्या वर्कशॉपचं बिल कोण देणार?

२०१९ चे ऑगस्ट-सप्टेंबर सांगलीकरांच्या दोन गोष्टींमुळे लक्षात आहेत. एक महापूर, दुसरं कडकनाथ. इस्लामपूरच्या महारयत अॅग्रो कंपनीकडून पिलं घेऊन सांगली, सातारा, कोल्हापुरात अनेकांनी शेड उभारले होते. अंडी आणि पक्षी कंपनीच परत विकत घेणार, असं ठरलं होतं. खरेदी थांबली, गुन्हे दाखल झाले. सप्टेंबरमध्ये मुख्यमंत्र्यांची महाजनादेश यात्रा सांगली जिल्ह्यात आली, तेव्हा ताफ्याच्या दिशेने अंडी आणि कोंबड्या भिरकावल्या गेल्या.

कडकनाथ हा फसवणुकीचा मामला. पण त्या शेडवाल्यांची एक अडचण कुपवाड, मिरज, सातारा, शिरवळच्या एमआयडीसीतल्या कितीतरी वर्कशॉपवाल्यांचीही आहे. गिऱ्हाईक एकच, आणि तेही मोठं. अशी कंपनी कुणालाही न फसवता, सरळ मार्गाने बुडाली तरी लहान पुरवठादाराच्या हातात काय पडतं, ते समजून घेऊ.

आधी हिशेब

समजा, तुम्ही कंपनीला १० लाखांचे सुटे भाग दिले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल झालं ११ लाख ८० हजारांचं. कंपनी म्हणते, ९० दिवसांनी पैसे देऊ. पण १ लाख ८० हजारांचा कर सरकार पुढच्याच महिन्यात मागतं, बिल मिळालेलं असो वा नसो. त्यातून कच्च्या मालाच्या खरेदीवर भरलेला कर वजा होतो, पण तो तरी तुमच्याच खिशातून गेलेला असतो. लोखंडाचे पैसे दिलेले, कामगारांचा पगार झालेला, वीजबिल भरलेलं. पुढे कंपनी बुडाली म्हणून भरलेला जीएसटी परत मिळत नाही. बुडीत बिलासाठी अशी सवलत आपल्या कायद्यात नाही.

म्हणजे हे तीन महिने तुम्ही त्या कंपनीची बँक झालेला असता. व्याज नाही, तारण नाही. इंजिनीअरिंगला आम्हाला मशिन शॉपमध्ये मायक्रॉन मोजायला शिकवलं, उधारीचे दिवस मोजायला कुणी शिकवलं नाही.

कंपनी एनसीएलटीत गेली की

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, म्हणजे एनसीएलटीने प्रकरण दाखल करून घेतलं की कंपनीविरुद्धची सगळी वसुली थांबते. तुमचा दावा, नोटीस, आधी मिळवलेला निकाल, सगळं जागच्या जागी. पुढचे निर्णय कर्जदात्यांची समिती घेते. त्या समितीत मत बँकांना आणि वित्तसंस्थांना असतं, माल पुरवणाऱ्यांना नसतं.

कंपनी अवसायनात निघाली तर पैसे वाटण्याचा क्रम कलम ५३ मध्ये आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेल्या बँका. मग इतर कर्मचारी, मग विनातारण वित्तीय कर्ज, मग सरकारी देणी. पुरवठादार त्यानंतर, सहाव्या पायरीवर. त्याच्या खाली फक्त भागधारक.

व्हिडिओकॉनचं उदाहरण मराठी वाचकांना जवळचं आहे. समूहावर मान्य झालेले दावे सुमारे ६४,८३८ कोटींचे होते. वेदांता समूहातल्या ट्विन स्टारचा प्रस्ताव होता २,९६२ कोटींचा. जून २०२१ मध्ये एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाने तो मंजूर केला, पण पुरवठादारांच्या वाट्याला जेमतेम ०.७२ टक्के येत असल्याची नोंदही केली. त्यातले बहुतेक लघुउद्योग आहेत, एवढ्या रकमेवर तेही दिवाळखोरीत जातील, असं खंडपीठाचं म्हणणं होतं. जानेवारी २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली. पण तोच दर आपल्या ११ लाख ८० हजारांच्या बिलाला लावून बघा. ८,४९६ रुपये.

दरवेळी असंच होतं असंही नाही. एस्सार स्टीलच्या प्रकरणात एक कोटीपेक्षा कमी येणं असलेल्या पुरवठादारांना पूर्ण रक्कम देण्याची तरतूद आराखड्यातच होती. म्हणजे लहान बिलं आधी चुकती करणं अशक्य नाही. पण एवढी महत्त्वाची गोष्ट खरेदीदाराच्या आणि बँकांच्या मर्जीवर ठेवण्यापेक्षा कायद्यातच का नसावी?

उसाला जे आहे, ते बिलाला नाही

आपल्या भागात हा फरक लगेच कळेल. ऊस कारखान्याला घातला की १४ दिवसांत एफआरपी द्यावी लागते. उशीर झाला तर १५ टक्के व्याज. थकली तर साखर आयुक्त आरआरसी काढतात आणि महसुली थकबाकीसारखी वसुली होते. तरीही पैसे रखडतात, हे शेतकऱ्यांना सांगायला नको. पण निदान हत्यार आहे, आणि त्यामागे ऊस परिषदांची ताकद आहे. त्याच कारखान्याला पंप, रोलर किंवा बेअरिंग देणाऱ्याच्या थकीत बिलासाठी कुणी रस्ता अडवल्याचं ऐकलंय?

लघुउद्योजकासाठी कायदे आहेत, नाही असं नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी ऑनलाइन पोर्टल. आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे मुदतीत बिल न देणाऱ्या कंपनीला त्या खर्चाची वजावटही त्या वर्षी मिळत नाही.

गोम अशी, की ही सगळी हत्यारं समोरची कंपनी धडधाकट असेपर्यंतच चालतात. तेव्हा तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते, म्हणून कुणी करत नाही. ऑर्डर जाण्याची भीती संपते तेव्हा कंपनीच संपलेली असते. त्यात एनसीएलटीत स्वतः अर्ज करायचा तर थकबाकी किमान एक कोटीची हवी. मार्च २०२० पर्यंत ही मर्यादा एक लाख होती.

मग हातात काय?

उद्यम नोंदणी माल देण्याआधी झालेली असू द्या. नुसता व्यापार करणाऱ्यांना मात्र या नोंदणीतून ४५ दिवसांचं संरक्षण मिळत नाही. पर्चेस ऑर्डरवर पैसे देण्याची मुदत लिहून घ्या, माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती जपा.

जोखीम खरोखर दुसऱ्याच्या खांद्यावर देणारा एक मार्ग म्हणजे ट्रेड्स. आरएक्सआयएल, इन्व्हॉइसमार्ट यांसारख्या मंचांवर बँक तुमचं बिल थोडी सूट कापून घेते. पुढे कंपनीने पैसे दिले नाहीत तरी बँक तुमच्याकडे वसुलीला येत नाही. २५० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. पण बिल कंपनीने तिथे मान्य करावं लागतं, आणि डळमळीत कंपनीची बिलं घ्यायला बँकाही कचरतात. म्हणून गिऱ्हाईक ठणठणीत असतानाच विचारलेलं बरं.

आणि एवढं करूनही कंपनी एनसीएलटीत गेलीच, तर रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे फॉर्म ‘बी’ भरून दावा दाखल करा. त्याला साधारण १४ दिवस मिळतात. उशीर झाला तरी ९० दिवसांपर्यंत दार उघडं असतं. दाव्याची जाहीर सूचना कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथल्या वृत्तपत्रांत छापली जाते. ते चेन्नईत किंवा दिल्लीत असेल तर सांगली-साताऱ्याच्या आवृत्तीत ती दिसेलच असं नाही. आयबीबीआयच्या वेबसाइटवर मात्र असते. तिथे कंपनीच्या नावाने शोधता येते, मोबाइलवरूनही.