पांढरीची भिंत, चुन्याचा गिलावा

धरणगाव हे खानदेशातील जुने व्यापारी गाव. 1674 मध्ये इंग्रजांनीही येथे वखार घातली होती. अशा गावांतील जुनी घरे व पेढ्या पांढऱ्या मातीवर आणि चुन्यावर उभ्या राहिल्या.

काळी जमीन पिकासाठी, पांढरी वस्तीसाठी, ही जुनी वाटणी केवळ रूढी नव्हे. काळी माती ओलीत फुगते, उन्हात भेगाळते. पांढरी त्या मानाने स्थिर राहते. म्हणून पांढरीत भुसा कालवून, गारा मुरवून भिंती रचीत. धाब्यावरही तिचाच थर देत. चुनखडी भट्टीत भाजून मिळालेली कळी पाण्यात विरवीत आणि वाळू किंवा विटांची सुरखी घालून बैलाच्या घाणीत मळीत. हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात माती व चुन्यासोबत भांगेच्या झाडाचे तंतूही मिसळल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

आज वडिलोपार्जित घराची दुरुस्ती निघाली की भाऊबंद खर्च वाटून घेतात आणि ‘मजबुती’साठी मातीच्या भिंतीवर सिमेंट चढवितात. घात येथेच होतो. जोत्यातून चढणारी ओल पूर्वी चुन्यातून उडून जाई. सिमेंटमागे ती कोंडते. क्षार साचतात, माती आतून भुसभुशीत होते, तुळयांची टोके कुजतात. बाहेरून भिंत मात्र गुळगुळीत दिसते. सिमेंट वाईट नव्हे. ते मऊ भिंतीच्या अंगाचे नव्हे.

दुरुस्तीचा क्रम सोपा आहे. आधी पन्हाळ, गटार व गळके धाबे पाहावे, कारण पाणी न थांबविता केलेला गिलावा व्यर्थ. मग सिमेंट हलक्या हाताने काढून मातीची डागडुजी करावी. पावसाळा सरल्यावर चुन्याचे पातळ थर द्यावेत व काही दिवस ते ओलसर ठेवावेत. गवंड्याकडून आधी हातभर जागेवर नमुना करून घ्यावा. भिंत कलली असल्यास अभियंत्याचा सल्ला अनिवार्य.

चातुर्मासात ओल्या भिंतीवर बुरशी धरते व ती काढताना जीवहिंसा घडते. भिंत मुळातच कोरडी राखणे, हीदेखील जयणाच. पूर्वजांचे घर पाडायचे की राखायचे, हा निर्णय प्रत्येक कुटुंबाचा. परंतु राखायचे ठरल्यास ते त्याच्याच मातीने राखावे.