काळ्या धुराचे खापर पंपावरच का?

कसारा घाटाच्या चढावर मालाने भरलेला ट्रक गिअर बदलतो आणि मागे काळ्या धुराचा लोट सोडतो. मागचा मोटारचालक लगबगीने काच वर घेतो, दुचाकीस्वार तोंडावर रुमाल दाबतो आणि दोघेही मनोमन एकच निष्कर्ष काढतात : या ट्रककडे ‘पीयूसी’ नसणार. प्रत्यक्षात ते अनेकदा असते आणि त्याची मुदतही संपलेली नसते. प्रमाणपत्र आणि धूर एकाच गाडीवर सुखाने नांदतात, याचे कारण लबाडी एवढेच नाही. आपण धूर कसा मोजतो आणि तो दिसल्यावर दुरुस्ती कोठून सुरू करतो, या दोन्ही प्रश्नांत त्याचे मूळ आहे.

हिशेब हवेचा

डिझेल इंजिनात चालकाचा पाय हवा नव्हे, तर डिझेल कमी-जास्त करतो. १ ग्रॅम डिझेल पुरते जळण्यासाठी किमान साडेचौदा ग्रॅम हवा लागते. धूर होऊ नये यासाठी त्याहून बरीच अधिक. ही जादा हवा पुरवण्याचे काम टर्बोचार्जर करतो. सायलेन्सरकडे निघालेल्या तप्त वायूंच्या जोरावर त्याचे चक्र मिनिटाला १ लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते आणि हवा दाबून इंजिनात भरते. वाटेत इंटरकूलर ती थंड, म्हणजेच अधिक दाट करतो. टर्बो एवढी हवा देईल असे गृहीत धरूनच डिझेलचे माप ठरवलेले असते. हवा कमी पडली किंवा डिझेल जास्त झाले, की अर्धवट जळलेल्या कार्बनची काजळी होऊन बाहेर पडते. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलकडे किंवा सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याकडे बोट दाखवतो, निळसर धूर जळणाऱ्या ऑइलकडे. काळा धूर मात्र हवा आणि डिझेल यांचा हिशेब चुकल्याची खूण आहे.

तपासणी उभ्या गाडीची

‘पीयूसी’ केंद्रावर डिझेल वाहनाची तपासणी गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये होते. ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबायचा, इंजिन कमाल वेगाला जाऊ द्यायचे आणि धुराची घनता यंत्रावर मोजायची, अशी ही पद्धत. बीएस-४ पूर्वीच्या वाहनांना ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे, तर बीएस-४ वाहनांना ५०. ही चाचणी सोपी, स्वस्त आणि गावोगावी करता येण्याजोगी आहे. मात्र तिच्यात इंजिनावर भार नसतो आणि भार नसल्याने टर्बोचा पूर्ण दाब तयारच होत नाही. इंटरकूलरच्या रबरी पाइपची चीर घाटात पूर्ण दाब आला की उघडते. केंद्राच्या अंगणात ती मिटलेलीच राहते. त्यामुळे अंगणात उत्तीर्ण झालेला ट्रक घाटात नापास होतो आणि त्या वेळी परीक्षक तेथे नसतो.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन प्रदूषणविषयक उल्लंघनाचा दंड १० हजार रुपयांपर्यंत वाढला. त्यामुळे प्रमाणपत्र जवळ बाळगण्याची निकड वाढली. धुराचे कारण शोधण्याची निकडही तेवढीच वाढली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

पंपाकडे धाव

धूर दिसला की ट्रक बहुधा पंपवाल्याकडे जातो. नोझल खोलली जातात, डिझेल पंपाचा स्क्रू फिरवला जातो. तपासणीपूर्वी डिझेल कमी करायचे आणि चालकाने ‘पिकअप नाही’ अशी तक्रार केली की पुन्हा वाढवायचे, हा प्रकार या व्यवसायात कोणाला नवा नाही. मूळ दोष हवेच्या मार्गात असेल तर पहिल्या उपायाने ताकद जाते आणि दुसऱ्याने धूर परततो. ट्रकमालकाचे पैसे मात्र दोन्ही वेळा जातात.

शास्त्रशुद्ध निदानाचा क्रम याच्या नेमका उलट आहे. पहिला प्रश्न : धूर केव्हा येतो? जुन्या इंजिनात ॲक्सिलरेटर दाबताच क्षणभर येणारा धूर टर्बोने वेग घेईपर्यंतचा असतो. चढावर सतत येणारा धूर हवेची कमतरता किंवा डिझेलची अधिकता सांगतो. गाडी उभी असतानाही तो येत असेल, तर नोझल, इंजेक्शनचे टायमिंग किंवा सिलिंडरचे कॉम्प्रेशन यांवर संशय घ्यावा लागतो.

त्यानंतर पाहायचा एअर फिल्टर. धुळीच्या वाटेवर, विशेषतः खडीच्या वाहतुकीत, तो लवकर कोंदतो. जोरदार हवा मारून तोच पुन्हा बसवण्याची काटकसर महागात पडते. कागद फाटला की धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. मग टर्बो ते इंजिन या मार्गातील पाइप आणि क्लँप. सांध्यावरचा तेलकट डाग, चढावर ऐकू येणारी शिट्टी किंवा दाब देऊन साबणाचे पाणी लावल्यावर उठणारे बुडबुडे गळती दाखवून देतात. पुढे इंटरकूलर, टर्बोच्या शाफ्टची ढिलाई आणि वेस्टगेटची झडप. टर्बोचा दाब मोजायचा तो भरलेली गाडी चढावर असताना. वर्कशॉपमध्ये घेतलेले वाचन पुरेसे नसते. एग्झॉस्ट ब्रेकची झडप अर्धवट मिटून राहिली तरी वायूंची वाट अडते आणि धूर होतो.

हे सारे निर्दोष आढळल्यावरच नोझलचा दाब व फवारा बेंचवर तपासावा आणि पंप खोलावा. पंपावर टर्बोच्या दाबानुसार डिझेलला लगाम घालणारा पडदा असतो. तो बिघडला किंवा कोणी त्याच्याशी छेडछाड केली, तर हवा येण्याआधीच डिझेल येते. इलेक्ट्रॉनिक इंजिनात हेच काम सेन्सर करतात. तेथे स्कॅनर दोषाचा कोड दाखवतो. पण त्या कोडमागचे कारण फाटका पाइपही असू शकते.

किंमत कोण मोजतो?

प्रश्न केवळ धुराचा नाही. उदाहरणादाखल, महिन्याला १० हजार किलोमीटर धावणाऱ्या ट्रकचे ॲव्हरेज लिटरला ४ वरून साडेतीन किलोमीटरवर आले, तर सुमारे ३५७ लिटर डिझेल जादा लागते. लिटरला ९० रुपये धरले, तर ही रक्कम ३२ हजारांवर जाते. शिवाय डिझेल अधिक आणि हवा कमी अशा स्थितीत बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान वाढते, त्यात टर्बो व पिस्टन होरपळतात आणि काजळीने इंजिन ऑइल लवकर खराब होते. एका क्लँपकडे झालेले दुर्लक्ष अखेर इंजिनाच्या कामापर्यंत नेते.

त्याहून मोठी किंमत माणसे मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. हा धूर सर्वाधिक श्वासात घेणारे म्हणजे चालक, क्लीनर, मेकॅनिक आणि टोलनाक्यावरील कर्मचारी. काच वर घेण्याची सोय त्यांच्यापैकी फार थोड्यांना आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या ट्रकमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आला. अशा गाडीतून काळा धूर दिसला, तर फिल्टर फुटला आहे किंवा काढून टाकला आहे, हा पहिला संशय. फिल्टर शाबूत असेल, तर इंजिनातील दोष धुरातून दिसणारच नाही. फिल्टर वारंवार तुंबू लागेल. म्हणजे नव्या तंत्रज्ञानाने निदानाची गरज संपलेली नाही, उलट निदान अधिक जिकिरीचे झाले आहे. जुने ट्रक तर अजून रस्त्यावर आहेतच.

भार देऊन धूर मोजणारी यंत्रणा प्रत्येक केंद्रावर बसवणे खर्चिक आहे. परंतु वार्षिक फिटनेसच्या वेळी एअर फिल्टर, हवेचे पाइप आणि टर्बोचा दाब यांची नोंद मागणे फारसे खर्चिक नाही. ‘पीयूसी’ची पावती धूर किती ते सांगते, तो का येतो हे सांगण्याची जबाबदारी आज कोणावरच नाही. ती निश्चित होईपर्यंत पंपाचा स्क्रू फिरत राहील आणि घाटातला धूरही.