उंबरठ्याच्या आंतला अड्डा

जुगार वाईट, एवढेंच सांगण्यासाठीं मासिकाचें पान खर्चीं घालण्याची गरज नाहीं. आमच्या वाचकांच्या घरीं तें आजीच सांगून ठेवते. आणि ज्या विदर्भाच्या लेकीवर नळाच्या द्यूतामुळें वनवास ओढवला, त्याच विदर्भांत राहणाऱ्या आम्हां ऊर्जानगरकरांस तर तें दुसऱ्या कोणीं सांगावयास नको. आम्हांस या महिन्यांत विचार करावयाचा आहे तो निराळ्या गोष्टीचा. सरकारनें कायदा करून जुगार बंद केला म्हणजे नेमकें काय बंद होतें, आणि घरांतल्या कर्त्या माणसांच्या वांट्यास काय उरतें?

निमित्त सर्वांस ठाऊक आहेच. २० ऑगस्ट २०२५ रोजीं केंद्र सरकारनें ऑनलाइन खेळांविषयींचें विधेयक लोकसभेंत मांडलें. त्याच दिवशीं तें तेथें संमत झालें, दुसऱ्या दिवशीं राज्यसभेनें संमति दिली, आणि २२ तारखेस त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उठली. इतक्या त्वरेनें आमच्या वसाहतींत नळाची तोटीहि बदलून मिळत नाहीं! कायद्याचा आशय थोडक्यांत असा: पैसे लावून पैसे मिळविण्याच्या आशेनें खेळला जाणारा ऑनलाइन खेळ, मग तो नशिबाचा असो कीं कौशल्याचा, चालविणें हा गुन्हा. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. बँकांनीं व पैसे पोंचविणाऱ्या संस्थांनीं अशा खेळांचे पैसे पुढें पाठवूं नयेत. खेळणारा मात्र गुन्हेगार नव्हे. हें शेवटचें वाक्य आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याचें कारण पुढें येईल.

या दोन अरण्यमय जिल्ह्यांत जुगार कधीं नव्हता असें नाहीं. कोंबडबाजार आहे, सट्टापट्टी आहे, दिवाळीच्या तीनपत्तीस तर कित्येक सभ्य घरांचीहि मूक संमति असते. परंतु या सर्वांस एक ठिकाण होतें. गांवाबाहेरचें झुडूप, पानठेल्यामागची खोली, कोणाची तरी गच्ची. पोलिसांस तेथें छापा घालतां येई, आणि मुलगा उशिरांपर्यंत आला नाहीं तर त्याला कोठें शोधावयाचा हें आईसहि ठाऊक असे. आमचा चांदा जिल्हा त्या काळीं मध्यप्रांतांत होता, आणि १८६७ चा सार्वजनिक जुगाराचा कायदा ज्या प्रांतांसाठीं झाला त्यांत मध्यप्रांताचें नांव स्पष्ट लिहिलें आहे. तो कायदा जुगारापेक्षां जुगाराच्या घरावर बांधलेला होता. घर, खोली, भिंतींनीं वेढलेली जागा असली कीं ती चालविणाऱ्यास दोनशें रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. आजचा महाराष्ट्राचा कायदा मूळचा मुंबई इलाख्याचा, १८८७ चा; त्याचीहि घडण तीच. मग अड्ड्यानें भिंतीच टाकून दिल्या आणि तो तिसऱ्या पाळीहून परतलेल्या माणसाच्या उशाशीं येऊन निजला. तेव्हां या जुन्या कायद्यांनीं हात टेकले यांत नवल नाहीं.

दुसरी अडचण याहून खोल होती. १८६७ च्या कायद्यांतच एक अपवाद आहे: निव्वळ कौशल्याच्या खेळांस हा कायदा लागू नाहीं. या एका वाक्यावर पुढें शंभर-दीडशें वर्षें वकिलांचीं घरें चाललीं. त्यांतला सर्वांत मनोरंजक खटला आमच्यासारख्या मासिकांच्याच जगांतला असल्यामुळें त्याजपाशीं थोडें थांबणें योग्य होईल.

स्वातंत्र्याच्या सुमारास बक्षिसी शब्दकोड्यांचें वेड देशभर पसरलें होतें. प्रवेशशुल्क पाठवावयाचें, चौकटी भरावयाच्या, आणि उत्तर आयोजकांनीं आधीं ठरवून ठेवलेल्या उत्तराशीं जुळलें तर हजारों रुपये. मुंबई सरकारनें १९४८ सालीं या स्पर्धांवर परवाना आणि कर बसविला. तेव्हां एका मोठ्या आयोजकानें काय करावें? त्यानें आपलें बिऱ्हाड म्हैसूर राज्यांत हलविलें आणि बंगलोरास छापलेल्या साप्ताहिकांतून कोडीं मुंबईच्याच वाचकांस पुरविणें चालूं ठेवलें. कारण प्रांताबाहेर छापलेलीं पत्रें कायद्यांतून सुटलीं होतीं. १९५२ सालीं सरकारनें ती फट बुजविली, प्रकरण न्यायालयांत गेलें, उच्च न्यायालयांत आयोजक जिंकले. शेवटीं १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं ज्या चौकटींत दोन शब्द सारखेच शोभतात, आणि त्यांतला आयोजकाच्या मनांतला कोणता हें ओळखावयाचें असतें, तेथें विद्वत्तेचें काम उरत नाहीं, तो जुगारच. आणि जुगारास व्यापार म्हणतां येत नाहीं, म्हणून व्यापारस्वातंत्र्याचा मूलभूत हक्कहि त्यास नाहीं. दरम्यान १९५५ सालीं संसदेनें अशा स्पर्धांच्या बक्षिसांस महिन्यास एक हजार रुपयांची मर्यादा घातली होती. तेवढ्यानें कोड्यांचा ज्वर उतरला. आज आमच्या घरांतले वडीलधारे रविवारच्या पुरवणींतलें कोडें चहाबरोबर सोडवितात तें एका पैशाच्याहि आशेशिवाय. त्यामुळें त्यांचा आनंद कांहीं उणा झालेला दिसत नाहीं.

तथापि त्याच निकालांतून दुसरी वाट फुटली. जुगार तो व्यापार नव्हे, पण ज्यांत कौशल्याचा भाग मोठा तो जुगार नव्हे, असा अर्थ निघाला. १९६७ सालीं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला, १९९६ सालीं घोड्यांची शर्यत. पुढें क्रिकेटचा कागदी संघ बांधून पैसे लावण्याच्या खेळासहि न्यायालयांनीं तीच सवलत दिली. मद्रास आणि कर्नाटक सरकारांनीं केलेल्या बंदीचे कायदे तेथल्या उच्च न्यायालयांनीं २०२१ व २०२२ सालीं रद्द ठरविले तेहि मुख्यतः याच आधारावर. मुंबईंत २००८ सालीं निघालेली ड्रीम इलेव्हन ही कंपनी या आधारावरच इतकी वाढली कीं भारतीय संघाच्या छातीवर तिचें नांव झळकूं लागलें.

आमच्या मतें या 'कौशल्य' शब्दानें घरांची मोठी फसवणूक केली. कंपनी खेळत नाहीं. ती प्रत्येक डावांतून आपला हिस्सा काढून घेते. समजा, सारख्याच अकलेचे दोन गडी शंभर-शंभर रुपये लावून बसले, आणि कंपनीचा हिस्सा दहा टक्के. जिंकणाऱ्यास एकशें ऐंशी मिळतील, वीस कंपनीस. असे पन्नास डाव झाले म्हणजे दोघे मिळून एक हजार रुपये घालवून बसतील, आणि दोघांसहि वाटत राहील कीं आपण थोडे अधिक हुशारीनें खेळलों असतों तर! कौशल्य आहे, नाहीं कोण म्हणतो? पण गड्याच्या समोर त्याच्याहून कुशल गडी बसला तर कौशल्याचा उपयोग त्याचाच खिसा कापण्यास होतो. सरकारच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ४५ कोटी लोक दरवर्षीं मिळून सुमारें २०,००० कोटी रुपये या खेळांत गमावीत होते. सरासरी काढली तर माणशीं साडेचारशें रुपयेहि पुरते होत नाहींत. ही सरासरीच फसवी आहे. बहुतेकांचें शंभर-दोनशें गेले, आणि कोठल्या तरी एका घरांतून भविष्यनिर्वाह निधि आणि सुनेच्या पाटल्या गेल्या, असा तिचा खरा अर्थ.

आमच्या जुन्या शास्त्रकारांतहि या बाबतींत एकमत नव्हतें. मनूनें द्यूत आणि समाह्वय दोन्ही राज्यांतून हद्दपार करावीं असें सांगितलें आहे. निर्जीव साधनांनीं खेळावयाचें तें द्यूत आणि प्राण्यांवर पण लावावयाचा तो समाह्वय. म्हणजे आमच्याकडचा कोंबडबाजार. उलट कौटिल्य व याज्ञवल्क्य यांचा कल, जुगार एकाच ठिकाणीं अधिकाऱ्याच्या नजरेखालीं चालूं द्यावा आणि त्यांतून शेंकडा पांच घ्यावे, असा. कौटिल्यानें तर दुसरीकडे खेळणाऱ्यास बारा पणांचा दंडहि सांगितला आहे. आमच्या सरकारनें दोन वर्षांत दोन्ही मतें चालवून पाहिलीं. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर शेंकडा २८ कर, हा कौटिल्याचा मार्ग. २०२५ ची बंदी, हा मनूचा. (महाराष्ट्रानें तर १९७६ सालीं कॅसिनोचा कायदा करून ठेवला, तो कधीं अमलांतच आणला नाहीं, आणि २०२३ सालीं रद्द करून टाकला. हें तिसरें मत कोणत्या स्मृतींत आहे तें आम्हांस सांपडलें नाहीं.)

धंद्यावर परिणाम झाला तो लगेच. कायदा झाला त्याच आठवड्यांत ड्रीम इलेव्हननें पैशाच्या स्पर्धा थांबविल्या, क्रिकेट मंडळाशीं असलेला ३५८ कोटींचा करार मुदतीपूर्वींच सुटला, आणि सप्टेंबरांत आशिया चषकासाठीं भारतीय संघ छातीवर कोणाचेंहि नांव न घेतां उतरला. एमपीएल या दुसऱ्या कंपनीनें हिंदुस्थानांतले सुमारें साठ टक्के नोकर कमी करीत असल्याचें सांगितलें. धंद्याच्या संघटनांनीं सरकारला लिहिलें कीं दोन लाख लोकांची नोकरी आणि वर्षास वीस हजार कोटींचा कर धोक्यांत आहे. हे आंकडे त्यांचेच आहेत, पण नोकऱ्या खोट्या नव्हेत. आमच्या भागांतून अभियांत्रिकी शिकून पुणें-बंगलोरास गेलेलीं मुलें असल्या कंपन्यांत संगणकाचें काम करीत असत, आणि त्यांनीं कोणाचा खिसा कापला नव्हता. त्यांच्याविषयीं आम्हांस सहानुभूति वाटते. विनापैशाचे खेळ आणि ज्यास ई-स्पोर्ट्स म्हणतात त्या स्पर्धा यांस उत्तेजन देण्याचें वचन त्याच कायद्यांत आहे. तें वचन पाळलें गेलें तर या मुलांची सोय होईल. परंतु धंद्यांत नोकऱ्या आहेत म्हणून तो धंदा राहावा, हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. मटक्यांतहि पुष्कळ माणसें कामास होतीं.

खरी शंका निराळी आहे, आणि ती चंद्रपुरच्या माणसास जितकी कळते तितकी दिल्लीच्या माणसास कळणार नाहीं. आमच्या जिल्ह्यांत १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली. ती बायकांनीं मोर्चे काढून मिळविली होती. शेजारच्या गडचिरोलींत तर ती १९९३ पासून आहे. दुकानें बंद झालीं. पण शेजारच्या जिल्ह्यांतून चोरटी दारू येतच राहिली, आणि २०२१ सालीं सरकारनें तेंच कारण सांगून आमच्याकडची बंदी उठविली. ऑनलाइन खेळाचेंहि तसेंच होणार काय? देशांतली कंपनी बंद झाली तर परदेशांत बसलेले अड्डे आहेतच, आणि त्यांना कर नाहीं, नियम नाहीं, दारावर पाटी नाहीं. २०२३ च्या जुलैंत नागपुरांत एक प्रकरण उघडकीस आलें. तेथल्या एका व्यापाऱ्याची फिर्याद अशी कीं खोट्या जुगारी ॲपांत त्याचे ५८ कोटी रुपये गेले. पोलिसांनीं गोंदियांत छापा घालून कोट्यवधींची रोकड आणि सोनें जप्त केलें. कोड्यांचें साप्ताहिक बंगलोरास गेलें तशी ही मंडळी आणखी दूर जातील, हें उघड आहे.

तरीहि आम्ही या बंदीच्या बाजूचे आहों, आणि त्याचें कारण दारू व पैसा यांतला एक फरक. दारूच्या बाटलीस रस्ता लागतो आणि रस्ते पुष्कळ आहेत. जुगाराच्या पैशास शेवटीं बँकेचें खातें लागतें. म्हणून कायद्यांतलें बँकांविषयींचें कलम हेंच त्याचें मर्म आहे; कैदेच्या धाकापेक्षां आम्हांस त्याचें महत्त्व अधिक वाटतें. चोरटे अड्डे ही अडचण ओळखून आहेत. ते परक्या माणसांचीं खातीं भाड्यानें घेतात. महिन्यास कांहीं हजार रुपये मिळतात म्हणून एखादा विद्यार्थी आपलें खातें आणि त्याचें कार्ड दुसऱ्याच्या हवालीं करतो, आणि पुढें पोलीस येतात ते त्याच्याच दारीं. खेळणारा गुन्हेगार नव्हे असें वर सांगितलें. पण खातें भाड्यानें देणाऱ्याची गोष्ट तशी नाहीं.

एकत्र कुटुंबास आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १८७२ च्या कराराच्या कायद्यानें पैजेचें येणें न्यायालयांतून वसूल करतां येत नाहीं. मिताक्षरेच्या परंपरेंतहि बापाचें जुगाराचें कर्ज फेडणें मुलाचें कर्तव्य नव्हतें. ही दोन्ही कवचें आतां गळून पडलीं आहेत. ऑनलाइन खेळांत पैसा आधीं भरावा लागतो, त्यामुळें कोणाचें येणें उरतच नाहीं. येणें उरतें तें ज्याच्याकडून तो पैसा आणला त्या बँकेचें किंवा मोबाईलवरून पांच मिनिटांत कर्ज देणाऱ्या कंपनीचें, आणि तें पूर्ण कायदेशीर असतें. सावकार ओसरीवर येऊन बसत नाहीं. हप्ता पगारांतून आपोआप कापला जातो. त्यामुळें घरास कळेपर्यंत दोन-दोन वर्षें लोटतात.

कायद्याविरुद्धचे अर्ज सर्वोच्च न्यायालयानें २०२५ च्या सप्टेंबरांत निरनिराळ्या उच्च न्यायालयांतून आपल्याकडे घेतले. जुगार हा विषय घटनेनें राज्यांकडे सोंपविलेला असतां केंद्रानें तो हातीं कसा घेतला, हा त्यांतला एक मुख्य मुद्दा. तो वाद न्यायमूर्तींस सोडून आम्ही घरापुरतें बोलतों. ज्या घरांत चार मिळवते आहेत, तेथें महिन्यांतून एकदां सर्वांचीं बँकेचीं पानें एकत्र बसून पाहण्याची चाल घालावी. थोरल्यानें आपलें पान आधीं काढावें, म्हणजे धाकट्यास अपमान वाटणार नाहीं. आजोबांच्या मोबाईलवरचा यूपीआयचा गुप्त अंक बहुधा नातवासच ठाऊक असतो; तो बदलावा. आणि कोणी अडकलाच आहे असें दिसलें तर त्याला बोलूं द्यावें. तो कायद्यापुढें गुन्हेगार नाहीं, म्हणून पोलिसांत जावयास भिऊं नये. पैसे फसवून गेले असतील तर १९३० या क्रमांकावर त्याच दिवशीं कळवावें, कारण पुढच्या खात्यांत पोंचण्यापूर्वींच ते अडवितां येण्याचा संभव असतो.