बेअरिंगचे माप क्रँकला विचारा

१ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या पावसाने चेन्नईकरांची झोप उडवली. चोवीस तासांत एकट्या तांबरमला सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस झाला. अड्यार नदी वस्त्यांत शिरली आणि इमारतींच्या तळमजल्यावर उभ्या असलेल्या मोटारी बुडाल्या. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या वेळी वेळच्चेरी, पळ्ळिकरणै भागात पुन्हा तेच दृश्य दिसले. २६ जुलै २००५ ची मुंबई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवून पाहण्याचा मोह होतो आणि तोच महागात पडतो. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइलमध्ये पाणी आणि गाळ मिसळलेला असताना गाडी चालवली, तर रॉडचे बेअरिंग जाते. विम्याच्या साध्या पॉलिसीत अशी इंजिनदुरुस्ती बहुधा बसत नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घेतलेले असावे लागते. म्हणजे खर्च घरच्याच खिशातून.

इंजिन उघडल्यावर मेकॅनिक सांगतो, “बेअरिंग गेलंय, नवा सेट आणा.” मालक जनरल पॅटर्स रोडवर, स्पेअर पार्टच्या दुकानांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. दुकानदार विचारतो, “कोणत्या साइझचा?” इथेच गाडी अडते.

रॉडचे मोठे टोक क्रँकशाफ्टच्या पिनवर फिरते. दोघांमध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन पातळ वाट्या असतात. त्यांची पाठ पोलादाची आणि आतला थर मऊ धातूचा असतो. हेच बेअरिंग. पिन आणि वाटी यांच्यातली फट मोटारीच्या इंजिनात साधारणपणे ०.०२ ते ०.०६ मिलिमीटर असते. माणसाचा केस याहून जाड भरेल! एवढ्याशा फटीत ऑइलचा थर टिकतो आणि सगळा भार तोच पेलतो. फट वाढली की ऑइलचा दाब उतरतो, ठकठक सुरू होते. फट कमी राहिली तर थर धरत नाही, मऊ धातू वितळतो आणि इंजिन जाम होते. त्यामुळे ‘जवळपासचे’ माप इथे चालत नाही.

मापांची नावे मात्र गोंधळात टाकणारी आहेत. पिस्टन ‘ओव्हरसाइझ’ घेतात, कारण बोअर मोठा केलेला असतो. बेअरिंग ‘अंडरसाइझ’ घेतात, कारण पिन घासून बारीक केलेली असते. वाटी मात्र मूळच्यापेक्षा जाड असते. ०.२५ अंडरसाइझ म्हणजे पिनचा व्यास पाव मिलिमीटरने कमी, आणि दोन्ही वाट्या मिळून तेवढ्याच जाड, म्हणजे प्रत्येकी ०.१२५ मिलिमीटर. पुढचे माप बहुधा ०.५० चे. जुन्या अॅम्बेसेडरचा हिशेब इंचात, म्हणून तिथे दहा, वीस, तीस, चाळीस अशी हजारांश इंचाची भाषा चालते.

जुन्या वाटीची पाठ पुसून पाहावी. तिथे एसटीडी किंवा ०२५ असे काही कोरलेले असते. सुझुकीच्या कित्येक जुन्या इंजिनांत मूळ मापाच्या वाटीवर आकडाच नसतो. पाठ कोरी दिसली म्हणून वाटी बनावट ठरत नाही. होंडा आणि श्रीपेरुंबुदूरजवळ कारखाना असलेली ह्युंदाई यांच्या अनेक इंजिनांत तर मूळ मापातही बारीक श्रेणी असतात. क्रँकवरची खूण आणि रॉडवरची खूण तक्त्यात जुळवून वाटीचा रंग ठरतो.

पण वाटीवरचा आकडा हा केवळ सुगावा आहे. आधीच्या मेकॅनिकने चुकीचा सेट घातलेला असू शकतो, शिवाय पिन त्यानंतरही झिजलेली असते. खरे उत्तर मायक्रोमीटर देतो. प्रत्येक पिन दोन जागी आणि प्रत्येक जागी आडवी-उभी मोजावी लागते. म्हणजे ती अंडाकृती किंवा एका बाजूला निमुळती झाली आहे का, ते कळते. झीज कंपनीने दिलेल्या मर्यादेत असेल आणि ओरखडे नसतील तर त्याच मापाचा नवा सेट पुरतो. नसेल तर ग्राइंडिंग. एकच पिन खराब असली तरी सहसा सगळ्या एकाच मापाला आणतात. त्या मापाचा सेट बाजारात आहे याची खात्री आधी करावी, क्रँक मगच ग्राइंडिंगला द्यावा. काही नव्या इंजिनांचे क्रँक वरच्या थरापुरतेच कडक केलेले असतात. ते घासायला कंपनी मनाई करते, तिथे नवा क्रँक घेण्यावाचून गत्यंतर नसते.

चेन्नईतच जन्मलेल्या जुन्या बुलेटला यातले बरेच काही लागू नाही. तिचा क्रँक दोन फ्लायव्हील दाबून जोडलेला, तिथे वाट्यांऐवजी अखंड बुश. ते काम प्रेसवाल्याचेच.

आणि एक जुनी करामत! वाटीमागे कागद सरकवून किंवा रॉडची कॅप कानशीने घासून ढिले बेअरिंग ‘टाइट’ करणारे महाभाग अजूनही भेटतात. कागदामुळे वाटीची उष्णता बाहेर पडत नाही आणि घासलेल्या कॅपने रॉडचे भोक गोल राहत नाही. अशा ठिकाणाहून गाडी उचललेली बरी.

नवा सेट बसवताना प्लास्टिगेज नावाचा मऊ धागा कोरड्या पिनवर ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळतात. क्रँक जराही न फिरवता ती पुन्हा उघडली की चपटलेल्या धाग्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी ताडता येते आणि फट समजते. पाच मिनिटांचे काम आहे. मालकाने ते समोर करून घ्यावे, प्रत्येक पिनचे माप बिलावर लिहून घ्यावे आणि जुन्या वाट्या परत मागाव्यात.