पॅकेज कळलं, कंपनी कळली का?

प्लेसमेंटचा सीझन आला की कॅन्टीनमध्ये एकच प्रश्न फिरतो, ‘पॅकेज किती?’ साहजिक आहे. एज्युकेशन लोनचे हप्ते शेवटी आपल्यालाच फेडायचे असतात. पण त्या आकड्यावरून कंपनी कशी आहे हे कळत नाही. गंमत म्हणजे, तिच्या ताळेबंदावरूनही ते पुरतं कळत नाही.

ताळेबंदात इमारत दिसते, लॅपटॉप दिसतात. पण पाच वर्षं एकाच क्लायंटचं काम सांभाळणारी, त्याची प्रत्येक खोड माहीत असलेली टीम? ती कुठेच नाही. उलट तिच्या ट्रेनिंगवरचा पैसा खर्चात टाकला जातो. खुर्ची घेतली तर मालमत्ता, माणूस घडवला तर खर्च! मग मंदी आली की कात्री आधी कुठे लागणार, हे वेगळं सांगायला नको.

हे मोजायचे प्रयत्न झालेत. १९८१मध्ये पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस कित्येक वर्षं वार्षिक अहवालात मनुष्यबळाचं मूल्य छापायची. त्यासाठी लेव्ह आणि श्वार्ट्झ यांचं १९७१चं मॉडेल वापरायची. कर्मचारी निवृत्त होईपर्यंत किती कमावेल, त्याची आजची किंमत काढायची. कल्पना भारी, पण मेख इथेच आहे. नव्यांना शिकवणारा सीनियर आणि सगळं स्वतःपाशी दाबून ठेवणारा सीनियर, दोघांचं वय आणि पगार सारखा, तर किंमतही सारखी! प्रत्यक्षात काम पुढे सरकतं ते पहिल्यामुळे.

म्हणून मला वाटतं, रुपयांतला एक मोठा आकडा काढण्यापेक्षा छोट्या खुणा मोजाव्यात. वर्षाला किती जण सोडून जातात? नवा माणूस किती दिवसांत स्वतंत्रपणे काम करू लागतो? एक जण सुट्टीवर गेला की काम अडतं का? उत्पादकता गळते ती इथे.

यातलं थोडं आपल्यालाही बघता येतं. सेबीच्या नियमानुसार २०२२-२३पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना ‘बीआरएसआर’ अहवाल द्यावा लागतो. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण, किती जणांना कौशल्याचं ट्रेनिंग मिळालं, हे त्यात असतं. इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री दहा मिनिटं काढून तेवढी पानं चाळा.

आणि इंटरव्ह्यूच्या शेवटी ‘काही विचारायचंय?’ असं म्हणाले, की मान हलवून उठू नका. विचारा, ‘माझ्या आधी या जागी कोण होतं, आणि ते आता कुठे आहेत?’ उत्तर द्यायला ते किती अडखळतात, तेही एक मोजमापच आहे.