गोधडीची लाज कसली?

कोराडीत बर्फ पडत नाही. पडला असता तर सबमिशन पुढे ढकलायला एक कारण तरी मिळालं असतं! पण म्हणून इथे थंडी नसते असं कुणी समजू नये. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. होस्टेलच्या लोखंडी कॉटवर जानेवारीतली एक रात्र काढा, मग बोला.

बर्फाच्या देशांत बायका हिवाळ्याचे दिवस घरात बसून क्विल्ट शिवण्यात घालवतात, हे वाचलं की आपल्याला केवढं कौतुक वाटतं! त्याच वस्तूला आपल्याकडे गोधडी म्हणतात आणि ती बॅगेतून बाहेर काढायला आपण लाजतो. ‘आपण’ कशाला, मीच लाजलो.

फर्स्ट इयरला येताना आजीने गोधडी बांधून दिली. रूमवर बघतो तर सगळ्यांकडे फुलाफुलांची मऊ ब्लँकेट्स. मी गोधडी गादीखाली सरकवली आणि बर्डीवरून ब्लँकेट आणलं. आजी फोनवर विचारायची, “वाकय पांघरतं ना रे बाबू?” मी म्हणायचो, “हो आजी.” दोन हिवाळे हे खोटं चाललं.

आमचं गाव काटोलकडे. गावात गोधड्या शिवायचं काम बहुतेक उन्हाळ्यात, शेत रिकामं असताना होतं. पण आजीला कापूस वेचणं झेपेनासं झालं, तेव्हापासून ती थंडीत अंगणात उन्हाला बसून शिवते. खाली जुनं लुगडं अंथरायचं, वर धोतरं, चादरी, फाटक्या कपड्यांचे तुकडे लावायचे, घडी पडू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. मग वरून दुसरं लुगडं आणि कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा. एका गोधडीला कित्येक दुपारी लागतात.

आता जरा इंजिनिअरसारखा विचार करू. गोधडीत ऊब कापडापेक्षा थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे राहते. स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन, म्हणजे अगदीच कमी. टाका फार घट्ट ओढला तर हवा दबते, सैल ठेवला तर थर सरकून गोळे होतात. यातला नेमका मध्य आजीच्या बोटांना कळतो. आपल्या गच्चीवरून दिसणाऱ्या वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. तिथल्या वाफेच्या पाइपांवर इन्सुलेशन चढवतात, त्यामागेही हीच अडकलेली हवा आहे. ते आपण व्हायवात घडाघडा सांगतो, पण आजीच्या कामाला ‘चिंध्या’ म्हणतो!

चिंध्यांवरून आठवलं. आपल्या विदर्भातले गाडगेबाबा चिंध्यांचं वस्त्र अंगावर घेऊन हिंडायचे, लोक त्यांना गोधडेबुवा म्हणायचे. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तिकडे अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या गरीब कृष्णवर्णीय बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या. २००६ मध्ये त्यांची पोस्टाची तिकिटंही निघाली. आपल्या गोधडीला मान देण्यासाठी आपणही म्युझियमची वाट बघायची का?

काही मित्र म्हणतील, भावनिक होऊ नको बे, ब्लँकेट स्वस्त पडतं, धुवायला सोपं. खरं आहे. भिजलेली गोधडी पिळायला दोन माणसं लागतात आणि वाळायला अख्खा दिवस. ब्लँकेट जरूर वापरा. माझं म्हणणं एवढंच की गोधडी टाकताना तुम्ही तिचं वजन बघून टाकता की लोक काय म्हणतील म्हणून, हे स्वतःला एकदा विचारा. माझं उत्तर मला माहीत होतं.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तर आजीने सुई पुढे केली. “दोरा ओवून दे बाबू, मले दिसत नाही आता.” तिच्या मांडीवरच्या गोधडीत माझ्या शाळेची खाकी पँट होती. दोरा ओवता ओवता मी गादीखालची गोष्ट सांगून टाकली. ती रागावली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “मंग ते खराब नसन झाली.” आणि शिवत राहिली. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता ती गोधडी माझ्या कॉटवर आहे. या हिवाळ्यात पार्टनरही अधूनमधून ओढून घेतो!

मित्रांनो, शेवटी एक सुचवतो. दर मे महिन्यात आपल्या होस्टेलमागे जुन्या चादरी, जीन्स, कुर्ते यांचा ढीग पडतो. या वर्षी तो गोळा करू, धुऊ आणि वर्गणी काढून गावातल्या शिवणाऱ्या बायकांना देऊ. त्यांच्या कित्येक दुपारींचा हिशेब करून मजुरी द्यायची, ‘आजी, जरा करून द्या ना’ असं फुकटात नाही. तयार झालेल्या गोधड्या रात्रपाळीच्या वॉचमन काकांना आणि मेसच्या पोरांना मिळतील. मेस कमिटी आणि वॉर्डन सरांनी मनावर घेतलं तर हे अवघड नाही.

आणि सुट्टीत घरी गेलात की एक ओळ धावदोरा शिकून या. माझी पहिली ओळ पार वाकडी आली. आजीने ती उसवली नाही.