आषाढांतली ओल आणि एक यंत्र

आषाढाचा पहिला पंधरवडा सरला कीं आमच्या रत्नागिरीकडील घरांत कपाट उघडणें हें धैर्याचें काम होऊन बसतें. दार उघडतांच जो वास येतो त्याचें वर्णन करण्याचें प्रयोजन नाहीं. कोंकणांतल्या व गोमंतकांतल्या वाचकांना तो ठाऊकच आहे, आणि देशावरच्या वाचकांनीं पावसाळ्यांत अशा घरीं चार दिवस पाहुणचार घेतला असेल तर तेहि तो विसरले नसतील. मिठाला पाणी सुटतें, आगपेटीची काडी ओढली तर तिचा गुल तेवढा निघून येतो, पापड वातड होतात, चामड्याच्या वहाणांवर हिरवी लव उगवते. पावसाळा आहे, चालायचेंच, या एका वाक्यानें आम्ही पिढ्यान् पिढ्या या सगळ्याची बोळवण करीत आलों. गेल्या वर्षीं मात्र तें वाक्य आमच्या घरांत पुरेनासें झालें.

याचीं कारणें दोन. माझ्या आजोबांनीं स्वहस्तें लिहिलेल्या अकरा पोथ्या घरांत आहेत. तांबड्या रुमालांत बांधून त्या माझ्या पुस्तकांच्या खोलींत असतात. ज्येष्ठाच्या अखेरीस एक रुमाल सोडला तों पानांच्या कडांवर काळे ठिपके दिसले. दुसरें कारण याहून मोठें. माझी सहा वर्षांची नात रात्रीं अपरात्रीं उठून बसूं लागली. श्वास घेतांना तिच्या छातींतून बारीक शीळ वाजे. डॉक्टरांनीं दम्याचें औषध दिलें, आणि ती निजते त्या खोलीच्या भिंतीवर बुरशी आहे काय, असें विचारलें. बुरशी होती. कपाटाच्या मागें ताटाएवढा काळा डाग होता, आणि तो आम्हां सर्वांच्या ओळखीचा होता.

थोरल्या चिरंजीवांनीं तांतडीनें यंत्र मागविलें. खोका फोडून तें चालूं केलें, आणि त्यानें खोलींत मोठ्या डौलानें धुकें सोडण्यास आरंभ केला! ह्युमिडिफायर व डीह्युमिडिफायर हीं दोन यंत्रें एकमेकांचीं वैरी आहेत, हें आम्हांस त्या वेळीं कळलें. उपसर्गानें शब्दाचा अर्थ कसा उलटा फिरतो हें मीं आयुष्यभर मुलांना शिकविलें. तोच धडा मला घरच्या घरीं, परत पाठवणीच्या भाड्यासह मिळाला. तेव्हां खोक्यावरील नांवाचा आरंभ ‘डी’नें होतो ना, हें पाहिल्यावांचून कोणीं पैसे देऊं नयेत. मी या दुसऱ्या यंत्रास आर्द्रताहारक म्हणतों. घरांतलीं मुलें नुसतें ‘मशीन’ म्हणतात.

त्याची रचना गूढ नाहीं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तेंच येथें मुद्दाम घडवून आणलेलें असतें. तांब्यांतलें पाणी झिरपून बाहेर येत नाहीं; भोंवतालच्या हवेंतली वाफ गार धातूला लागून तिचें पाणी होतें. आर्द्रताहारकाच्या पोटांत फ्रिजमध्यें असतो तसा कॉम्प्रेसर असतो. तो नळ्यांचा एक जुडगा गार करतो व दुसरा तापवितो. पंख्यानें खोलींतली दमट हवा गार नळ्यांवरून ओढली जाते, पाणी थेंबथेंब खालच्या टांकींत पडतें, आणि कोरडी झालेली हवा तापलेल्या नळ्यांवरून खोलींत परत येते. त्यामुळें खोली थंड न होतां एकदोन अंशांनीं उबदारच होते. गारव्याच्या आशेनें हें यंत्र कोणीं घेऊं नये. तसेंच तळहाताएवढीं, कॉम्प्रेसरवांचून चालणारीं जीं स्वस्त यंत्रें विकतात, तीं दिवसाकाठीं जेमतेम पेलाभर पाणी काढतात. एखाद्या कपाटाला तीं पुरतील, खोलीला नाहीं.

आमचें यंत्र दिवसास १२ लिटर काढणारें, असें त्यावर लिहिलें आहे. हा आंकडा बहुधा ३० अंश उष्णतेच्या व ८० टक्के आर्द्रतेच्या हवेंतला असतो. हवा जसजशी सुकते तसतसें पाणी कमी निघतें, म्हणून फसवणूक झाली असें समजूं नये. यंत्र सुमारें २५० वॅटचें आहे. दहा तास चाललें कीं अडीच युनिट वीज जाते. सोबत शेंदोनशें रुपयांचा आर्द्रतामापक अवश्य घ्यावा, कारण दमटपणाच्या बाबतींत नाक लौकर संवयीचें होतें. सतत ७० च्या वर आंकडा राहिला तर बुरशीला सुगी असते. ५० ते ६० च्या मध्यें तो ठेवला म्हणजे ती वाढत नाहीं. ५० च्या जवळ ठेवल्यास गाद्यांत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचेंहि फावत नाहीं, आणि दम्याच्या रोग्यास त्या किड्यांचा उपद्रव बुरशीइतकाच असतो. आमच्याकडे पहिल्या दिवशीं आंकडा ८९ होता.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. यंत्र एक, आणि खोल्या दोन. मीं तें प्रथम पुस्तकांच्या खोलींत लाविलें. ‘पोथ्या एकदां गेल्या तर पुन्हां येणार नाहींत,’ असें मीं म्हटलें. घरांतल्या वडील माणसाचें म्हणणें, तेव्हां कोणी बोललें नाहीं. तीन रात्रीं यंत्र तेथें चाललें, आणि तिन्ही रात्रीं पलीकडच्या खोलींत दिवा लागलेला मला दिसत होता. चौथ्या दिवशीं सकाळीं सूनबाई चहा ठेवून गेल्या. त्याहि कांहीं बोलल्या नाहींत. चहा निवण्याच्या आंत मीं यंत्राचीं चाकें फिरविलीं व तें नातीच्या खोलींत नेऊन ठेविलें.

मात्र त्या तीन दिवसांत एक उपयोगी हिशेब हातीं लागला होता. पुस्तकांची खोली बारा फूट लांब, बारा फूट रुंद व दहा फूट उंच, म्हणजे सुमारें ४१ घनमीटर हवेची. २८ अंशांच्या एक घनमीटर हवेंत फार तर २७ ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ९० वरून ५५ वर आणावयाची तर खोलीच्या हवेंतून काढावयाचें पाणी चारशें ग्रॅमसुद्धां भरत नाहीं. परंतु पहिल्या दिवशीं अडीच लिटरची टांकी दोनदां भरली. माझा पुतण्याचा मुलगा नववींत आहे. त्यानें विचारलें, “आजोबा, मग बाकीचें साडेचार लिटर आलें कुठून?” प्रश्न मोठा मार्मिक होता. तें पाणी पुस्तकांत, गादींत, लांकडांत आणि भिंतीच्या गिलाव्यांत मुरलेलें होतें. हवा सुकतांच तें बाहेर पडूं लागलें. म्हणून दुसऱ्या दिवशीं टांकींत साडेतीन लिटर आलें, तिसऱ्या दिवशीं अडीच. खोलींतला जुना सांठा संपत चालल्याची ती खूण होती.

नातीच्या खोलींत ही खूण दिसेना. पहिल्या दिवशीं पांच लिटर, दुसऱ्या दिवशीं पांच लिटर, आणि आठव्या दिवशींहि पांचच! दारें खिडक्या बंद, तरी मापकाचा कांटा ७२ च्या खालीं उतरेना. चिरंजीव म्हणाले, यंत्र बिघडलें, परत करूं. मला तसें वाटेना. बिघडलेलें यंत्र इतकें पाणी काढील कसें? मग आम्हीं एक जुनी साधी परीक्षा केली. कपाट ओढून, डागाशेजारच्या भिंतीवर फूटभर चौरस प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनीं घट्ट चिकटवून दोन दिवस ठेविला. अशा कागदावर खोलीच्या बाजूनें थेंब आले तर ओल हवेंतली. कागदाच्या आड, भिंतीकडून आले तर ओल भिंतींतली. आमच्या कागदाच्या आंतून थेंब ओघळत होते.

त्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर आहे. नळकाम करणाऱ्यानें फरशी उकरली तेव्हां भिंतींत पुरलेल्या नळाचा सांधा ठिबकत असलेला सांपडला. तो किती वर्षें ठिबकत होता हें देव जाणे. कपाटामागचा डाग मात्र चार पावसाळे जुना होता, आणि दर दिवाळीस आम्ही त्यावर चुना मारून त्याची समजूत घालीत होतों. सांधा बदलला, सुटलेला गिलावा खरवडला. बुरशी कोरडी झाडूं नये, ती हवेंत उडते. नातीला दिवसभर माजघरांत ठेवून व नाकातोंडास फडकें बांधून ती साबणाच्या पाण्यानें पुसून काढली. त्यानंतर टांकींतलें पाणी उतरूं लागलें, आणि श्रावणाच्या मध्यास तें दिवसाला दीड लिटरवर आलें. दारांच्या फटींतून येणारी ओल व निजणाऱ्या दोन माणसांचा श्वास यांसाठीं तेवढें धरलेंच पाहिजे.

नातीचा खोकला समूळ गेला असें लिहिण्याचा मोह होतो; पण तें खरें नव्हे. तिचें औषध चालूं आहे, श्वासाचा पंप दप्तरांत असतो. आषाढांत आठवड्यांतून चार पांच रात्रीं ती उठत असे, भाद्रपदांत एखादी. सूनबाईंनीं तारखा मांडून ठेवल्या होत्या, म्हणून हें मी सांगूं शकतों.

“पूर्वीं हीं थेरं होतीं का?” असें आमच्या काकूंनीं विचारलें. त्यांचें वय त्र्यायशीं. हा प्रश्न मात्र उडवून लावण्यासारखा नाहीं. पूर्वींच्या कौलारू घरांत चूल दिवसभर पेटलेली असे. तिची धग वर चढे व घरांतली वाफ घेऊन कौलांच्या फटींतून बाहेर जाई. बाळंतिणीच्या खोलींत शेगडीवर वेळूची टोपली पालथी घालून दुपटीं सुकवीत. जांभ्या दगडाची भिंत पाणी पिते हें माहीत असल्यामुळें पावसाच्या माऱ्याच्या बाजूस नारळाच्या विणलेल्या झावळ्या बांधीत. धुरानें डोळे जात, तें वेगळें. ते दिवस परत आणावे असें मला वाटत नाहीं. पण आम्हीं मागल्या अंगास स्लॅबच्या खोल्या चढविल्या, चूल जाऊन गॅस आला, खिडक्यांना सरकत्या कांचा बसल्या, आणि वाफेला बाहेर जाण्याची वाट उरली नाहीं. गॅस धूर करीत नाहीं म्हणून आपण त्याला कोरडा समजतों. वास्तविक एक किलो गॅस जळला कीं दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपानें स्वयंपाकघरांत येतें. भाताच्या व आमटीच्या वाफा त्याहून निराळ्या. तेव्हां स्वयंपाक चालूं असतांना बाहेर हवा फेंकणारा पंखा लावावा. त्यास यंत्राच्या मानानें नगण्य वीज लागते.

धाकट्या बंधूंचा आग्रह पडला म्हणून चार दिवस यंत्र माजघरांतहि चालवून पाहिलें. माजघरास वर कौलें, समोर ओटी, आणि दारें बंद होतील तर तें माजघर कसलें? टांकी भरभरून वाहूं लागली, मुलांना मोठी गंमत वाटली, पण मापक ८५ वरून हलला नाहीं. चाळणीनें विहीर उपसण्याचा तो प्रकार होता. बाहेर रत्नागिरीचा पावसाळा आहे, तो किती उपसणार? यंत्र दारें मिटणाऱ्या खोलीचें आहे. पाऊस पडत असतां ‘हवा खेळूं द्यावी’ म्हणून खिडक्या उघडणेंहि त्याच जातीचें. दुपारीं ऊन पडून उघडीप झाली, तर तासभर उघडाव्या आणि पुन्हां लावून घ्याव्या.

कपड्यांच्या बाबतींत मात्र मी यंत्राचा पुरता भक्त झालों आहें. धुण्याच्या यंत्रानें पिळून काढलेल्या एका घाण्याच्या कपड्यांत दोन अडीच लिटर पाणी सहज उरतें, आणि आमच्या चौदा माणसांच्या घरांत रोज दोन घाणे निघतात. हें सारें पाणी निजण्याच्या खोल्यांतल्या दोऱ्यांवरून आपण श्वासांत घेत होतों. आतां अडगळीची लहान खोली रिकामी करून तेथें दोऱ्या बांधल्या आहेत. रात्रीं कपडे व यंत्र आंत, दार बंद. सकाळीं कपडे कोरडे. दोन गोष्टी संभाळाव्या लागतात. यंत्रावर कपडा टांकूं नये व तें भिंतीपासून हातभर दूर ठेवावें, आणि मागची जाळी पंधरा दिवसांनीं धुवावी. जाळींत धूळ सांचली कीं पाणी कमी येतें आणि वीज तेवढीच जाते.

आतां पोथ्या. ओली पोथी हवाबंद पेटींत घालणें म्हणजे बुरशीला घर बांधून देणें. म्हणून कपड्यांची खोली सोयीची झाल्यावर, दिवसा कपडे नसतांना, आठ दिवस पोथ्या तेथें यंत्राच्या हवेंत रुमाल सोडून ठेवल्या. नंतर पत्र्याच्या घट्ट झांकणाच्या पेटींत सिलिका जेलच्या पुड्यांसह त्या ठेविल्या. या पुड्यांतले दाणे ओल पिऊन रंग बदलतात. मग तव्यावर मंद आंचेनें भाजले कीं पुन्हां कामास येतात. कापूर व वेखंड यांनीं कसर पळते, ओल शोषली जात नाहीं, हें मलाहि पूर्वीं ठाऊक नव्हतें. दसऱ्यानंतर पोथ्या सांवलींत उघडून पाहिल्या. दहा ठीक निघाल्या. अमरकोशाच्या पोथींतलीं तीन पानें एकमेकांस चिकटलीं, तीं चिकटलींच आहेत. ओढून सोडवावीं तर शाई जाईल. पोथी लिहून झाली कीं, हिला तेलापासून व पाण्यापासून जपा, अशी विनवणी शेवटीं लिहिण्याची आपल्याकडे रीत होती. आजोबांनींहि ती लिहिली आहे. ती विनवणी ज्या पानावर आहे तें पान या तिघांतलेंच.

टांकींतल्या पाण्याचें काय करावें, यावर घरांत पुष्कळ वाद झाला. तें दिसतें स्वच्छ, पण हवेंतली धूळ व टांकींतले जंतू त्यांत असतात, म्हणून पिण्यास वा स्वयंपाकास तें घेऊं नये. फरशी पुसण्यास चालतें. काकूंनीं प्रथम विचारलें, “हें सोंवळ्याचें कीं ओंवळ्याचें?” मीं सांगितलें, “पावसाचेंच पाणी आहे, फक्त घरांतून फिरून आलेलें.” त्यांनीं क्षणभर विचार केला आणि तुळस वगळून अबोलीला तें घालण्यास परवानगी दिली.